दातांचे दुखणे व शासनाचे कर्तव्य

दाढ दुखू लागली की सुखवस्तू नागरिक दंतवैद्याकडे जातो. गरीब मनुष्य दाढेखाली लवंग धरून रात्र काढतो आणि अखेरीस दात गमावून बसतो. दुखणे एकच, त्याचा शेवट मात्र मिळकतीप्रमाणे निराळा! दंतवैद्य वाढले की ही विषमता आपोआप नाहीशी होईल, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती खरी नाही. देशात आज तीनशेहून अधिक दंतवैद्यक महाविद्यालये आहेत. परंतु तेथील पदवीधर बहुतांशी शहरांतच स्थिरावतात. फी देणारा रुग्ण जेथे नाही, तेथे खाजगी दवाखाना निघावा तरी कसा?

जे खाजगी व्यवहाराला साधत नाही, ते शासनाने करावयाचे असते. या दृष्टीने स्कॉटलंडचे उदाहरण मननीय आहे. २००३ साली तेथे शाळेत नव्याने दाखल झालेल्या मुलांपैकी सुमारे ४५ टक्के मुलांच्याच दातांत उघड कीड नव्हती. पुढे ‘चाइल्डस्माइल’ या सरकारी योजनेने बालवाड्यांतून, मोठ्यांच्या देखरेखीखाली, फ्लोराइडयुक्त पेस्टने रोज दात घासण्याचा परिपाठ रुजविला. २०२० साली हे प्रमाण ७३ टक्क्यांवर गेले. उपचारांचा वाचलेला खर्च योजनेच्या खर्चाहून अधिक भरला. मात्र त्याच वर्षी सर्वांत गरीब वस्त्यांत ते ५८ टक्के, तर सर्वांत संपन्न वस्त्यांत ८७ टक्के होते. सर्वांची स्थिती सुधारली, तरी दरी बुजली नाही. म्हणूनच गरीब वस्तीला अधिक द्यावे लागते, हाही त्यातील धडा होय.

आपल्याकडे साधने नाहीत असे नव्हे. अंगणवाड्या १९७५ पासून आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून मुलांचे दातही तपासले जातात. पण तपासणीत कीड आढळते ती लागल्यानंतर! शाळांभोवती ५० मीटरपर्यंत अतिगोड पदार्थांच्या विक्रीस मनाई करणारे नियम २०२० साली झाले. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ साली आली. या नियमांची अंमलबजावणी किती होते, हे कोणत्याही शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहिल्यास दिसेल.

आमचे म्हणणे एवढेच की, प्रत्येक अंगणवाडीत व प्राथमिक शाळेत मुलांना ब्रश व पेस्ट सरकारी खर्चाने मिळावी, आणि आरंभ आदिवासी पाड्यांपासून व झोपडपट्ट्यांपासून व्हावा. ज्या गावांच्या पाण्यात फ्लोराइड मुळातच जास्त आहे, तेथे पेस्ट वैद्यकीय सल्ल्याने ठरवावी. जी शाळा मुलांकडून पाढे पाठ करून घेते, तिला दोन मिनिटे दात घासून घेणे अवघड नाही. अवघड आहे ते अंदाजपत्रकात त्यासाठी कायमची तरतूद करणे. आणि लोकप्रतिनिधींची कसोटी तेथेच आहे.