घरांतील यंत्रें : मोटारसायकलची साखळी

गतवर्षीं श्रावणांत आमचे पुतणे व सूनबाई मोटारसायकलवरून गणपतिपुळ्यास निघाले, तेव्हां घरांतील वडील मंडळींनीं पावसाची केली, दरडींची केली, ओल्या कपड्यांचीही काळजी केली. साखळीची मात्र कोणीच केली नाहीं. कऱ्हाड-मलकापूरमार्गें आंबा घाट उतरतांना, साखरप्याच्या अलीकडे एका वळणावर ती निसटली. दैव बरें म्हणून चाकांत अडकली नाहीं. अडकती तर मागचें चाक जागच्या जागीं जखडलें असतें, आणि ओल्या उतारावर त्याचा परिणाम काय झाला असता तो बोलून दाखवावयास नको.

गाडी घरीं आल्यावर मीं ती पाहिली. मागील दातेरी चाकाचे दांते मांजराच्या नखांप्रमाणें वांकलेले, साखळी गंजून तांबूस पडलेली. "काका, सर्व्हिसिंग तर दोनच महिन्यांपूर्वीं केलं होतं," असें पुतणे म्हणाले. तें खरें होतें. परंतु त्या दोन महिन्यांत गाडी तीन हजार किलोमीटर धांवली होती, आणि साखळीस साधारणपणें दर ५०० किलोमीटरांस तेल लागतें. पावसांतून प्रवास असेल तर रोज मुक्कामावर.

ज्यांच्या घरीं एके काळीं जुन्या धाटणीची बुलेट होती त्यांस आठवत असेल कीं, गाडी बाळगणें म्हणजे रविवारची सकाळ तिला वाहून टाकणें. पॉइंट घासा, कार्ब्युरेटर उघडा, टॅपेट पाहा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानकें लागू झालीं आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहींसा झाला. इंधन आतां संगणक मोजून देतो. त्यामुळें मालकाच्या हातांस कांहीं काम उरलें नाहीं, अशी एक समजूत पसरली. इंजिनापुरती ती बरीचशी खरी आहे. पण साखळी अद्याप उघड्यावरच धूळ व चिखल खात आहे.

लांबच्या प्रवासाच्या बहुतेक गाड्यांच्या साखळीस हल्लीं प्रत्येक सांध्यावर रबराची बारीक कडी असते व तिच्या आड कारखान्यांतच ग्रीस भरून ठेवलेलें असतें. आपण वरून घालतों तें तेल तेथवर पोहोंचत नाहीं. तें हवें असतें तें रबर कोरडें पडून चिरूं नये, दांत्यांवरील झीज कमी व्हावी व गंज चढूं नये एवढ्यासाठीं. म्हणून साखळी पेट्रोलनें धुण्याची जी चाल आहे ती अगदीं टाकावी. रबर बिघडतें, शिवाय आगीचें भय. तारेचा ब्रशही नको. मऊ ब्रश आणि थोडें रॉकेल पुरे. रॉकेल आतां शहरांतून दुर्मिळ झालें आहे, तर साखळीसाठीं मिळणारा तयार क्लीनर आणावा.

कृति अशी. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, गिअर न्यूट्रलमध्यें असावा, इंजिन बंद, आणि किल्ली स्वतःच्या खिशांत. चाक हातानेंच फिरवावें. वेळ वांचविण्यासाठीं इंजिन चालू करून, गिअर टाकून, फिरत्या साखळीवर फडकें धरणारे लोक मीं पाहिले आहेत. फडकें दांत्यांत ओढलें जातें आणि त्यामागोमाग बोटें जातात. आपल्या घरांतून अशा कामाभोंवतीं मुलें हमखास गोळा होतात; त्यांस आधीं दूर बसवावें. साखळी पुसून कोरडी झाल्यावर खालच्या पदराच्या आंतील बाजूनें ९० नंबरचें गिअर ऑइल थेंब थेंब सोडीत चाक दोन-तीन फेरे फिरवावें व वरचें ओघळ टिपून घ्यावें. टायरवर व ब्रेकच्या तबकडीवर थेंबही जाऊं देऊं नये. हें सर्व फिरून आल्यावर, साखळी कोमट असतां, रात्रीं करावें. सकाळपर्यंत तेल मुरतें.

साखळीची झूल हा दुसरा प्रश्न. खालच्या पदराच्या मध्यावर बोटानें वरखालीं करून पट्टीनें मोजावें. ती साधारण दोन ते चार सेंटिमीटर सांगितलेली असते. आपल्या गाडीचा नेमका आंकडा पुस्तकांत असतो. सैल साखळी निसटते हें सर्वांस कळतें, म्हणून लोक ती ताणून ठेवतात. पण दोन माणसें व सामान बसलें कीं ती आणखी ताणते आणि गिअरपेटीच्या बेअरिंगवर भार येतो. झूल दुरुस्त करतांना दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखेच फिरवावे व खुणा जुळवाव्या, नाहींतर चाक तिरपें बसतें. आसाचा नट मात्र ठराविक जोरानेंच आंवळावा लागतो. तो मोजणारा पाना घरीं नसेल तर तेवढें काम मेकॅनिककडूनच करवून घ्यावें. मागील चाकाच्या पाठीमागून साखळी ओढून पाहावी. ती दांत्यावरून बरीच उचलली जात असेल तर साखळी व दोन्ही दातेरी चाकें एकदमच बदलावीं.

साखळी सुटली कीं इंजिनाचा अटकावही सुटतो व सारा उतार ब्रेकवर येतो. म्हणून ब्रेकचें तेलही दर दोन वर्षांनीं बदलावें. तें हवेंतील ओल शोषतें : नवें डॉट ४ तेल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाहीं, पण ओलावलेल्या तेलासाठीं मानकांतील मर्यादाच १५५ वर येते. उकळलेल्या तेलांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि घाटाच्या मध्यावर ब्रेकचा दांडा मऊ लागूं लागतो.

आतां सुधारणांविषयीं. जादा दिवे लावावयाचे तर ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टांवर सुमारें ९ अँपिअर ओढतात. त्यांची तार हेडलाइटच्या तारेस न जोडतां रिले व फ्यूज घालून बॅटरीवरून स्वतंत्र घ्यावी. याहून मला खटकली ती दुसरी गोष्ट. सामानाच्या पत्र्याच्या पेट्या बसविण्यासाठीं पुतण्यांनीं साडीगार्ड काढून माळ्यावर टाकला होता. "आतां कोण साडी नेसून बसतं?" असा त्यांचा युक्तिवाद. पण ओढणी आहे, रेनकोटाचा लोंबता पदर आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम मागें बसणाराचे कपडे चाकांत गुंतूं नयेत म्हणून मागील चाकाचा निदान अर्धा भाग झांकलेला असावा असें सांगतो, तो कांहीं केवळ साडीपुरता नाहीं. सूनबाईंनीं हें ऐकून घेतलें, आणि कांहींएक न बोलतां शिडी आणून माळ्यास लावली. साडीगार्ड पुन्हां बसला आहे. पेटीची चौकट मात्र दोन बोटें बाहेर सरकवावी लागली आणि एक नट नवा आणावा लागला.