खेळातले पाणी आणि गावातले पाणी



‘तो मोबाइल आधी खाली ठेव!’ हे वाक्य हल्ली घरोघरी ऐकू येते. मोठ्या माणसांचे म्हणणे काही खोटे नाही. पुष्कळ खेळांत नुसती धावाधाव आणि ढिशुम ढिशुम असते. दोन तास खेळून उठले तरी हाती काही लागत नाही. परंतु म्हणून सब घोडे बारा टक्के म्हणणे बरोबर नाही. माइनक्राफ्ट नावाचा ठोकळ्यांचा एक खेळ आहे. त्यात मुले पाण्याची नाना तऱ्हेची यंत्रे तयार करतात. त्याविषयी मला माझे मत मांडायचे आहे. ते असे की, हा खेळ पाणी वळवायला फार छान शिकवतो, पण पाणी पुरवायला आणि वाटून घ्यायला शिकवत नाही. म्हणून खेळ बंद करू नये, त्याला हिशेबाची वही जोडावी.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. माइनक्राफ्ट हा खेळ स्वीडन देशात तयार झाला. २००९ साली तो लोकांसमोर आला आणि २०११ साली पूर्ण झाला. २०१४ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने तो विकत घेतला. त्यातले सगळे जग ठोकळ्यांचे असते. माती, दगड, लाकूड आणि पाणीसुद्धा ठोकळ्यांचेच. एक ठोकळा एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच धरतात. ठोकळे फोडायचे, रचायचे आणि मनात येईल ते बांधायचे. पाणी बादलीने उचलायचे आणि हवे तिथे ओतायचे.

आता यातली खरी गंमत बघा. या पाण्याला नियम आहेत आणि ते कोणासाठी बदलत नाहीत. सपाट जमिनीवर पाणी ओतले तर ते सात ठोकळे पुढे जाते आणि थांबते. आठव्या ठोकळ्यावर जात नाही म्हणजे नाहीच. पण सातव्या ठोकळ्यापाशी जमीन एक पायरी खाली उतरवली, की पाणी खाली पडते आणि पुन्हा सात ठोकळे धावते. पाटाला उतार का लागतो हे पुस्तकात वाचून मला जेवढे कळले, त्यापेक्षा जास्त या सात ठोकळ्यांनी कळले.

शेतीचा नियमही तसाच आहे. पाण्याचा एक ठोकळा चारी बाजूंना चार-चार ठोकळ्यांपर्यंत जमीन ओली ठेवतो. पाणी मधोमध ठेवले तर ९ गुणिले ९ म्हणजे ८१ चौकोन होतात. त्यातला एक पाण्याचा गेला, राहिले ८०. तेच पाणी शेताच्या बांधाला, बरोबर मध्यावर ठेवले तर फक्त ४४ चौकोन भिजतात. अगदी कोपऱ्यात ठेवले तर २४. पाणी तेवढेच आणि जमीन तीच, पण जागा चुकली की पीक निम्म्याच्याही खाली येते. हे गणित पाठ करावे लागत नाही, शेत सुकले की आपोआप लक्षात येते.

याच्या पुढे जाऊन हुशार मुले यंत्रे करतात. डोंगराच्या उतारावर पायऱ्या पाडून गहू लावतात. सगळ्यांत वरती पाण्याची बादली भरलेले एक यंत्र बसवतात, त्याला डिस्पेन्सर म्हणतात. बटण दाबले की पाणी सुटते, पिकलेला गहू उपटून खाली वाहून आणते आणि तो पेटीत जमा होतो. पुन्हा बटण दाबले की पाणी परत बादलीत! पेरणी मात्र पुन्हा हातानेच करावी लागते. रेडस्टोन नावाची लाल पूड विजेच्या तारेसारखी जमिनीवर पसरतात. तिच्यातून संदेश १५ ठोकळे जातो. त्यापुढे न्यायचा तर मध्ये आणखी एक साधन लावावे लागते. त्या संदेशाने पिस्टन पुढे सरकतो आणि पाटात ठोकळा ढकलतो. झाले, पाटाचे दार बंद! २०१८ सालापासून तर पाण्याची लिफ्टही करता येते. पाण्याच्या उभ्या खांबाखाली सोल सँड नावाची वाळू ठेवली की बुडबुडे माणसाला वर नेतात. तिथे मॅग्मा ठेवला की तेच पाणी खाली ओढते.

कोणी म्हणेल, हे सगळे खोट्या पाण्याचे खेळ, यांचा उपयोग काय? त्यांना मी खडकवासल्याचे उदाहरण सांगते. पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आपोआप चालणारी दारे तयार केली. ती १९०३ साली बसवली गेली. पाणी ठरलेल्या पातळीला चढले की दारे आपली आपण उघडत. पूर ओसरला की आपली आपण मिटत. त्यामुळे धरणाला धोका न होता जास्त पाणी साठवता येऊ लागले. त्यांच्याच जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, आपण अभियंता दिन साजरा करतो. आता विचार करा. ‘पाणी इतके चढले की दार उघडले पाहिजे’ हाच विचार माइनक्राफ्टमध्ये पिस्टन लावणारा मुलगा करीत असतो. त्याच्या डोक्यात पाणी, पातळी आणि दार एकत्र आले, हे काही थोडेथोडके नाही.

इथपर्यंत मी खेळाच्या बाजूने बोलले. आता दुसरी बाजू.

हा खेळ दोन ठिकाणी आपल्याला फसवतो. पहिली फसवणूक अशी की, खेळातले पाणी संपत नाही. दोन ठोकळे लांब आणि दोन ठोकळे रुंद असा खड्डा करायचा. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत एक-एक बादली ओतायची. उरलेले दोन कोपरे आपोआप भरतात. मग त्यातून कितीही बादल्या काढा, खड्डा भरलेलाच. द्रौपदीच्या थाळीसारखेच म्हणा ना! शिवाय एक ठोकळाभर पाणी डोंगरावर ठेवले तर ते वर्षभर वाहिले तरी ठोकळाभरच राहते. आपल्या विहिरीचे तसे असते तर मार्च-एप्रिलमध्ये कोणाच्या डोक्यावर हंडा दिसला नसता आणि टँकरची वाट बघत कोणाची शाळा बुडाली नसती.

हिशेबच करून बघू. एक ठोकळा म्हणजे एक घनमीटर, म्हणजे १००० लिटर पाणी. वजन एक टन. ते खेळातला माणूस एका बादलीत उचलून पळतो! आपल्या घरची १५ लिटरची बादली घेतली तर ६७ खेपा होतील. जलजीवन मिशनने गावातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. म्हणजे खेळातली एक बादली हे १८ माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. ती आपण उगाच धबधबा करायला ओतून देतो.

दुसरी फसवणूक त्याहून मोठी आहे. खेळात आपल्या खाली कोणी राहत नाही. पाट कसाही वळवा, दार कधीही बंद करा, कोणी भांडायला येत नाही. खऱ्या पाटावर वरच्याने दार उघडे ठेवले तर टेलच्या शेतकऱ्याला नुसता कोरडा पाट दिसतो. धुळे भागात पांझरा नदीवर बंधारे बांधून शेकडो वर्षे फड पद्धत चालली. तिथे शेतीचे फड पाडत. एका फडात सगळ्यांचे एकच पीक. पाणी पाळीने सुटे आणि ते सोडायला पाटकरी नेमलेला असे. पाणी कमी आले तर भिजवायचे क्षेत्रच कमी करीत. ती सगळ्यांत अवघड यंत्रणा होती, कारण तिच्यात पिस्टनऐवजी माणसांचा शब्द होता. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचेही तसेच. पावसाळ्यापूर्वी बर्गे काढायचे, पावसाळा सरताना घालायचे. बंधारा कितीही चांगला असो, वेळेवर बर्गे घालणारी माणसे नसतील तर पाणी निघून जाते.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपण खेळायचे, पण आपल्या गावाच्या नियमांनी खेळायचे. आधी टेप घेऊन खरी टाकी मोजायची. समजा एखादी टाकी ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच आहे. तिच्यात ५० घनमीटर, म्हणजे ५०,००० लिटर पाणी मावेल. म्हणजे खेळात फक्त ५० बादल्या मिळाल्या, एक्कावन्नावी नाही. दोन बादल्यांच्या खड्ड्याची युक्ती वापरायची नाही. संगणकावरच्या जावा आवृत्तीत २०२२ सालापासून पाणी असे आपोआप वाढणे बंद करायची सोयही आहे. यंत्र एकदा चालवले की वहीत एक बादली खोडायची. आणि चार जणांनी मिळून एकच गाव बांधायचे. एकाचे शेत वर, एकाचे शेवटी. शेवटच्याचा गहू पिकला तरच चौघे जिंकले, असा नियम. मग बघू कोणाचे यंत्र खरे हुशार!

ज्यांच्या घरी असा मोबाइल नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, आणि आईवडिलांकडे हट्टही करू नये. चौकटीच्या वहीत ९ गुणिले ९ चौकोन काढून पाणी कुठे ठेवायचे हे ठरवता येते. शाळेमागच्या मातीत पाट काढून, काडीचे दार करून, तांब्याभर पाण्यात तेच शिकता येते. उलट मातीतले पाणी झिरपते आणि सुकते, म्हणून ते अधिक खरे शिकवते.

पालकांना एक विनंती. आम्ही दिवसभर खेळत बसलो तर जरूर रागवा. डोळे आमचेच बिघडतील. पण ‘ठेव तो मोबाइल’ म्हणण्याआधी एकदा शेजारी बसा आणि तीन प्रश्न विचारा. हे पाणी कुठून आणलेस? ते कुठे जाते? आणि तुझ्या खालच्याला किती उरते? आम्हाला उत्तर देता आले तर अर्धा तास जास्त द्या. नाही देता आले, तर मोबाइल घ्या आणि आम्हाला पाटावर घेऊन चला. तुम्ही पाण्याला दारे धरता, पाळी सांभाळता, रात्रीची वीज येईल तेव्हा उठून मोटार सुरू करता. ते कसे करता हे आम्हाला कोणत्याच खेळात शिकायला मिळणार नाही.

खेळातले पाणी पुन्हा भरते. गावातले पाणी आपल्यालाच पुरवायचे आहे.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी