यंत्राच्या पोटात : सरळ रांग की ‘व्ही’?

मित्रांनो, या आठवड्याच्या टपालात पिंपळगाव बसवंतहून एक पत्र आलंय. पत्र पाठवणारा दोस्त आठवीत आहे. तो लिहितो, ‘आमच्या घरी टोमॅटो वाहायला पिकअप आहे. माझा मावसभाऊ म्हणतो, अमेरिकेतल्या पिकअपला व्ही-८ इंजिन असतं, आपल्या गाड्यांना नुसतं सरळ इंजिन. मग आपल्या गाड्या हलक्या प्रतीच्या का?’

प्रश्न झकास आहे! उत्तर द्यायच्या आधी आपण जरा बॉनेट उघडू या.

पिंपळगावकरांना पिकअपची ओळख करून द्यायला नकोच. मुंबई-आग्रा महामार्गावरचं हे गाव टोमॅटो, कांदा आणि द्राक्षांच्या बाजारासाठी प्रसिद्ध. हंगामात बाजार समितीच्या आवाराकडे क्रेट लादलेल्या पिकअप एकामागून एक येत असतात. एका क्रेटमध्ये साधारण २० किलो टोमॅटो धरा. ७५ क्रेट भरले तर किती झाले? बरोबर, १५०० किलो, म्हणजे दीड टन! शिवाय क्रेटचं आणि गाडीचं वजन वेगळंच. हा सगळा बोजा ओढतं बॉनेटखालचं डिझेल इंजिन.

या इंजिनात सिलिंडर असतात. (स्वयंपाकघरातला गॅसचा नव्हे हं!) सिलिंडर म्हणजे एक भक्कम नळकांडं. त्यात पिस्टन खाली-वर होतो. डिझेल पेटलं की पिस्टन जोरात खाली ढकलला जातो. कनेक्टिंग रॉड तो धक्का क्रँकशाफ्टला देतो आणि क्रँक फिरू लागतो. सायकलचं पॅडल आठवा. पाय खाली-वर होतो, पण चाक गोल फिरतं. अगदी तसंच.

आता हे सिलिंडर मांडायचे कसे? एक रीत म्हणजे शाळेच्या प्रार्थनेला उभे राहता तशी सरळ रांग. याला म्हणतात इनलाइन इंजिन. दुसऱ्या रीतीत निम्मे सिलिंडर डावीकडे कललेले, निम्मे उजवीकडे, आणि खाली दोघांना मिळून एकच क्रँक. समोरून पाहिलं तर इंग्रजी ‘व्ही’ अक्षर दिसतं. हे झालं व्ही इंजिन.

ही दुसरी रीत काढली तरी कशाला? घरी करून पाहा. काड्यापेटीच्या सहा पेट्या एकामागे एक उभ्या करा आणि रांगेची लांबी पट्टीने मोजा. मग तीन-तीनच्या दोन रांगा करून त्या ‘व्ही’सारख्या कलत्या धरा. लांबी जवळजवळ निम्मी झाली, पण रुंदी वाढली. बस्स! व्ही इंजिनाचं मूळ कारण हेच. ताकद नव्हे, जागा!

रेल्वेचं उदाहरण घ्या. भारतात १९६२ पासून आलेल्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनगाडीत तब्बल १६ सिलिंडर होते आणि ताकद २६०० अश्वशक्ती. सोळा सिलिंडर एका रांगेत लावले असते तर क्रँक केवढा लांबलचक झाला असता! म्हणून तिथे आठ-आठचा ‘व्ही’. लांब क्रँकचं आणखी एक दुखणं असतं. उसाचं लहान टिपरू पिळून पाहा, मग अख्खा ऊस पिळा. अख्खा ऊस लवकर पीळ खातो. क्रँकचंही तसंच. आखूड क्रँक पीळ कमी खातो. हा गुण नक्कीच ‘व्ही’चा.

मग आपल्या पिकअपमध्ये ‘व्ही’ का नाही? कारण सिलिंडरच मुळात थोडे! बोलेरो पिकअपच्या २५२३ सीसी इंजिनात चार सिलिंडर, तेही एका रांगेत. २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, त्याच्या ७०२ सीसी डिझेल इंजिनात तर दोनच सिलिंडर. हे इंजिन पुढच्या सीटखाली मावलं! चार सिलिंडरांचा ‘व्ही’ केला तर वाचणार वीतभर जागा आणि खर्च मात्र वाढणार.

कसा वाढणार? हा भाग नीट वाचा, कारण प्रश्न घरच्या पैशांचा आहे.

सिलिंडरांच्या वर झाकणासारखं बसतं ते हेड. हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या फटीतून वायू किंवा पाणी निसटू नये म्हणून मध्ये गॅस्केट असतं. डिझेल इंजिनात हवा पेट्रोल इंजिनापेक्षा खूपच जास्त दाबली जाते, म्हणून या गॅस्केटवर भारही जास्त. सरळ इंजिनाला हेड एक, गॅस्केट एक, धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड एक. ‘व्ही’ला हे सगळं दोन-दोन.

आता कल्पना करा, गाडी वाशीच्या बाजाराला निघालीय आणि कसारा घाटात पाणी तापून गॅस्केट उडालं. मागे दीड टन टोमॅटो. टोमॅटो काही थांबत नाही! गाडी लवकर दुरुस्त झाली नाही तर महिनाभराच्या मेहनतीचा चिखल. अशा वेळी सरळ इंजिन असेल तर फिटर एकच हेड उतरवतो. सुटे भाग ओळखीचे, जवळच्या दुकानात मिळणारे. ‘व्ही’मध्ये कुठल्या बाजूचं गॅस्केट गेलं इथून शोध सुरू, आणि अरुंद बॉनेटखाली खालच्या बोल्टपर्यंत पाना पोचवताना नाकी नऊ. गाडी किती वेगाने पळते यापेक्षा बंद पडल्यावर किती लवकर उभी राहते, हे शेतकऱ्याच्या घरी जास्त मोलाचं.

टिकाऊपणाचंही पाहू. सरळ इंजिनात प्रत्येक कनेक्टिंग रॉडला क्रँकवर स्वतःची जागा असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना बेअरिंगचा आधार. म्हणून चार सिलिंडरला पाच मोठी बेअरिंग, सहाला सात. ‘व्ही’मध्ये बहुतेक वेळा समोरासमोरचे दोन रॉड एकाच आधाराच्या जोडीत भागीदारी करतात. एका बाकावर एक मुलगा आणि एका बाकावर दोन, असा तो फरक.

म्हणजे सरळ इंजिन सर्वगुणसंपन्न का? छे! चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, पण त्यांचे धक्के एकमेकांना पुरते खोडून काढत नाहीत. रॉड तिरका होत असल्याने पिस्टन वरच्या अर्ध्यात थोडा जास्त वेगाने धावतो. त्यातून उरलेली थरथर स्टीअरिंगवर हाताला जाणवते. ती शोषायला इंजिनाखाली रबरी माउंटिंग लावतात. गंमत म्हणजे सहा सिलिंडर सरळ रांगेत लावले की ही थरथर जवळजवळ पूर्ण नाहीशी होते! आणि तेच सहा ‘व्ही’मध्ये लावले तर इंजिन सी-सॉसारखं पुढे-मागे डोलू पाहतं. बऱ्याच व्ही-६ इंजिनांत ते शांत करायला वेगळा तोलदांडा बसवावा लागतो.

म्हणजे खरी लढत सहा सिलिंडरांपाशी आहे. ती पाहायची तर अमेरिकेत जायला हवं. तिथे हलक्या पिकअपसाठी तीन कंपन्यांनी तीन-तीन लिटरची सहा सिलिंडरची डिझेल इंजिनं आणली. रॅमने २०१४ च्या मॉडेलपासून व्ही-६, फोर्डने २०१८ पासून व्ही-६, तर शेवरोलेने २०२० च्या मॉडेलपासून सरळ सहा. फोर्डने आपलं व्ही-६ २०२१ मध्ये थांबवलं, रॅमने २०२३ मध्ये. पण यावरून ‘व्ही हरला’ असं लगेच म्हणू नका. कंपनी एखादं इंजिन बंद करते त्यामागे विक्री, धुराचे नियम अशी अनेक कारणं असतात.

आणि मावसभाऊ म्हणतो तो व्ही-८? तोही खराच. फोर्ड आणि शेवरोलेच्या भारी पिकअपमध्ये तो असतो, कारण आठ सिलिंडर सरळ लावायला तेवढं लांब नाकच गाडीला नाही. पण त्याच वजनाच्या गाड्यांत त्याला टक्कर कोण देतं? रॅम पिकअपमधलं कमिन्सचं सरळ सहा! १९८९ च्या मॉडेलपासून ते तिथे ठाण मांडून आहे. याच कमिन्स कंपनीची किर्लोस्करांबरोबरची भागीदारी १९६२ मध्ये आपल्या पुण्यात सुरू झाली होती.

तेव्हा आठवीतल्या दोस्ता, मावसभावाला सांग : आधी सिलिंडर किती ते मोज, मग जागा किती ते बघ. चार असतील तर सरळ रांग शहाणपणाची. सहाला दोन्ही चालतात. आठ आणि त्यापुढे ‘व्ही’. बॉनेटखालच्या अक्षरावरून गाडीची प्रत ठरत नाही. ती तिच्या कामावरून ठरते, आणि तुमची पिकअप तर रोज दीड टनाची परीक्षा देतेय!

गणित सोडवा : टाटा ४०७ मुळे घरोघरी पोचलेल्या इंजिनाचं नाव ४९७. यातला ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ९७ म्हणजे प्रत्येकाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पिस्टनची धाव १०० मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचं सूत्र वापरून इंजिन किती सीसीचं ते काढा. उत्तर २९५६ च्या आसपास आलं तर शाबास!

पुढच्या आठवड्याचं कोडं : डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. मग डिझेल पेटतं कसं? (उत्तराचा धागा याच लेखात लपलाय. शोधा पाहू!)