पाखरांच्या घराचे पैसे कोण भरतं?



मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सोमवारी शाळा भरली आणि प्रार्थना संपते न संपते तोच चौथीच्या वर्गात गलका सुरू झाला. "बाई, ह्यानं तळ्यावर बदक मारलं! गलोलीनं मारलं!" सगळी बोटं एकाच मुलाकडे. तो बिचारा खाली मान घालून उभा. "मी मारलं नाई बाई. उडवाया गेलतो. खडा पंखाला लागला."

वर्गानं लगेच शिक्षा सुचवायला सुरुवात केली. कुणी म्हणे अंगठे धरायला लावा, कुणी म्हणे दंड करा. दंड म्हटल्यावर शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिनं विचारलं, "बाई, दंडाचे पैसे कुणाला द्यायचे? बदकाला?"

सगळे हसले. मीही हसले. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. खरंच, पाखरांसाठी कुणी पैसे देतं का? दिले तर ते जातात कुठं? आज आपण याच प्रश्नाचा माग काढू या. त्यासाठी आधी आपल्याला चाकूरहून थेट अमेरिकेला जायचं आहे. चला तर!

शिकाऱ्यांचं तिकीट

सुमारे नव्वद वर्षांपूर्वी, म्हणजे १९३० नंतरच्या काळात, अमेरिकेत भयंकर दुष्काळ पडला. शेतातली माती वाऱ्यानं उडून गेली. त्याआधीच पुष्कळ पाणथळ जागा कोरड्या करून लोकांनी तिथं शेती केली होती. आता उरलेली तळीही आटली. मग बदकांनी उतरायचं कुठं? अंडी घालायची कुठं? बदकांचे थवे झपाट्यानं कमी होऊ लागले.

दुष्काळ म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायला नको. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तुमच्यातल्या कित्येकांचा तेव्हा जन्मही झाला नसेल, पण आईबाबांना विचारा. ते सांगतील, घागरींच्या रांगा कुठपर्यंत लागत. माणसासाठी रेल्वे तरी आली. पाखरांना कोण रेल्वे पाठवणार?

अमेरिकेत त्या वेळी जे. एन. डार्लिंग नावाचे मोठे व्यंगचित्रकार होते. लोक त्यांना 'डिंग' म्हणत. वर्तमानपत्रात चित्रं काढून ते लोकांना हसवत आणि टोचतही. पाखरांची त्यांना फार कळकळ. सरकारनं त्यांनाच वन्यजीवांच्या खात्याचा प्रमुख नेमलं. १९३४ साली तिथं एक कायदा झाला. सोळा वर्षांवरच्या ज्या कुणाला बदकांची शिकार करायची असेल, त्यानं दर वर्षी सरकारकडून एक तिकीट विकत घ्यायचं, त्यावर सही करायची आणि ते जवळ बाळगायचं. तिकीट नसेल तर शिकार नाही!

हे तिकीट पत्रावर लावायचं नव्हे हं. पैशाच्या पावतीवर मोठी माणसं रेव्हेन्यू तिकीट लावतात ना, त्या जातीचं. पहिल्या तिकिटावरचं चित्र स्वतः डार्लिंग यांनी काढलं होतं. बदकांची एक जोडी पाण्यावर उतरते आहे, असं ते चित्र. किंमत एक डॉलर. पहिल्याच वर्षी सहा लाखांहून जास्त तिकिटं खपली.

आता खरी गंमत ऐका. या तिकिटाचे पैसे सरकारच्या इतर खर्चात मिसळत नाहीत. एका डॉलरचे शंभर सेंट होतात. त्यातले ९८ सेंट पाखरांसाठी पाणथळ जागा विकत घ्यायला किंवा भाड्यानं घ्यायलाच वापरले जातात. आजवर अशा रीतीनं शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम जमली आणि साठ लाख एकरांवर जागा पाखरांसाठी राखली गेली. आता तिकिटाची किंमत २५ डॉलर आहे. शिकार न करणारे पक्षीप्रेमी आणि तिकिटं जमवणारे छांदिष्टही ते आवडीनं घेतात.

१९९३ पासून मुलांसाठी याच तिकिटाचा धाकटा भाऊही निघाला. शाळकरी मुलं बदकांची, हंसांची चित्रं काढून स्पर्धेला पाठवतात आणि पहिल्या आलेल्या चित्राचं तिकीट निघतं. त्याचे पैसे मुलांच्या निसर्गशिक्षणाला जातात.

मारणाराच राखणार?

हे सगळं वर्गात सांगितलं तेव्हा वर्गाचे दोन तट पडले. "बाई, जो मारतो तोच वाचवतो? हे कसलं!" एका मुलानं तावातावानं विचारलं. दुसऱ्या बाजूनं उत्तर आलं, "मग काय फुकट मारू द्यायचं? त्याला खेळ पाहिजे तर त्यानंच पैसे द्यावेत."

मला माझे आजोबा आठवले. ते तरुण असताना हिवाळ्यात तळ्यावर बदकं मारायला जात. तेव्हा ते सर्रास चाले. पण कोणतं पाखरू दिवाळीच्या आधी येतं, कोणतं संक्रांतीनंतर जातं, हे त्यांना तोंडपाठ होतं. म्हातारपणी ओट्यावर बसून ते म्हणायचे, "आता पहिल्यासारखे थवे येईनात गं." बंदूक सोडून त्यांना कित्येक वर्षं झाली होती, पण थवे कमी झाल्याचं आमच्या घरात सगळ्यात आधी त्यांच्याच लक्षात आलं.

थोर पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली यांचंही असंच. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथं मिलर्ड नावाच्या साहेबांनी त्यांना पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले. त्या दिवसापासून या मुलाचं आयुष्यच बदललं.

पण म्हणून शिकार चांगली, असं मात्र समजू नका. राजस्थानात भरतपूरच्या तळ्यांवर पूर्वी राजेमहाराजे आणि इंग्रज साहेब शिकारीला जमत. १९३८ च्या नोव्हेंबरात व्हॉइसरॉय लिनलिथगो यांच्या एका शिकारीत ४२७३ पाखरं मारली गेली. तो आकडा तिथं दगडावर कोरून ठेवला आहे. आज तेच भरतपूर जगप्रसिद्ध राष्ट्रीय उद्यान आहे. लोक तो दगड वाचतात आणि गप्प होतात.

आपल्याकडं काय?

आपल्या देशानं वेगळी वाट धरली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. तरी काही पाखरांच्या शिकारीला परवाना मिळत असे. १९९१ च्या दुरुस्तीनं तोही बंद झाला. शिकारच नाही, तर शिकाऱ्याचं तिकीट कुठलं? मग आपल्या पाखरांच्या घराचे पैसे भरतं कोण?

आधी घरं कोणती ते पाहू. मराठवाड्यातलं सगळ्यात मोठं घर म्हणजे पैठणचा नाथसागर. गोदावरीवर जायकवाडीचं धरण झालं आणि १९८६ साली तिथं पक्षी अभयारण्य जाहीर झालं. दुसरं नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा जिथं भेटतात, तिथल्या बंधाऱ्यामुळं ही पाणथळ जागा तयार झाली. तिला 'रामसर' हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाल्याचं २०२० साली जाहीर झालं. महाराष्ट्रातली ती अशी पहिलीच जागा. हिवाळ्यात तिथं चक्रवाक येतात, थापट्या येतात, लांब शेपटीचं तलवार बदक येतं. हे तलवार बदक अमेरिकेतही असतं आणि तिथल्या तिकिटांवरही झळकलेलं आहे!

आता पैशांचं बघू. पहिला वाटा सरकारच्या तिजोरीतून. तिजोरीत पैसा येतो करातून, आणि कर सगळेच भरतात. तुम्ही बिस्किटाचा पुडा घेता ना, त्याच्या किमतीतही कर असतो. म्हणजे तुम्हीसुद्धा भरता! पण हा पैसा रस्ते, दवाखाने, शाळा अशा हजार कामांत वाटला जातो. पाखरांच्या वाट्याला किती येईल, ते दर वर्षी ठरतं. अमेरिकेच्या तिकिटासारखा त्यांचा वेगळा गल्ला नाही.

दुसरा वाटा पाहुण्यांचा. नांदूर मध्यमेश्वरला तुम्ही पक्षी बघायला गेलात की प्रवेशाचं तिकीट काढता. तिथल्या गावांतली तरुण मुलं दुर्बीण घेऊन पाखरं दाखवतात, त्यांनाही त्यातून रोजगार मिळतो.

तिसरा वाटा देणारा मात्र कुठल्याच पावतीवर दिसत नाही. तो म्हणजे तळ्याकाठचा शेतकरी. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस हरभऱ्याच्या, गव्हाच्या कोवळ्या पिकावर उतरतात आणि चरतात. शेतकरी हाकलतो, पण त्याआधी त्यांचं पोट भरलेलं असतं. तुमच्यापैकी अनेकांचे वडील शेतकरी आहेत. त्यांना विचारा, पाखरांनी खाल्लेल्या दाण्यांची किंमत कुणी दिली का?

म्हणून मुलांनो, पाखरू आकाशातलं असलं तरी त्याचं घर जमिनीवर असतं, आणि जमिनीला किंमत असते. ती कुणीतरी मोजत असतं. कोण मोजतं, हे आपल्याला ठाऊक असायला हवं. ठाऊक असलं की आपोआप आपलाही हात पुढं येतो.

मग शिक्षा काय झाली?

त्या मुलाची? ती मुलांनीच ठरवली. पैशांचा दंड नाही. दर रविवारी तळ्यावर जायचं, थोरल्या माणसाला सोबत घेऊन, आणि दिसतील ती पाखरं मोजून वहीत लिहायची. गलोलीचा नेम चांगला म्हणजे नजर चांगली, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या सोमवारी त्यानं वही पुढं केली. हळदी-कुंकू बदकं ६, टिबुकल्या ४, वारकरी ११. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : "एक बदक लंगडत पोहतंय. तेच असंल."

मी काहीच बोलले नाही. सही करून वही परत दिली.

करून पाहा

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा 'पक्षीकोश' लिहिणाऱ्या मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. जानेवारीत आशियातल्या अनेक देशांत पाणपक्ष्यांची मोजणी होते. तुम्हीही तुमच्या गावच्या तळ्यावरची पाखरं मोजा. एकटे जाऊ नका, पाण्यात उतरू नका, घरट्याजवळ जाऊ नका.

आणि हो, एका पाखराचं तिकीट तयार करा! काडेपेटीएवढ्या कागदावर तुमच्या तळ्यातल्या पाखराचं चित्र काढा. खाली नाव लिहा आणि किंमतही लिहा. किंमत रुपयांतच पाहिजे असं नाही. "एक गलोल टाकून दिली", "तळ्यातल्या प्लॅस्टिकच्या दहा पिशव्या उचलल्या", अशीही चालेल.

पालकांना एक विनंती. पुढच्या सहलीचा बेत आखताना एकदा नाथसागराचं नाव घ्या. तिथं पोचल्यावर लेकरांच्या हाती मोबाइल नको, दुर्बीण द्या.

तिकिटं पाठवायला विसरू नका. वाट बघते.

तुमच्या बाई,
चाकूर