गोठवा, पण आधी बोला!

शुक्रवारचा लंच. डब्यातली भेंडी संपली आणि आमच्या टेबलावर विषय निघाला क्रायोनिक्सचा. म्हणजे काय, तर मेल्यावर बॉडी गोठवून ठेवायची आणि पुढे कधीतरी विज्ञान तिथवर पोचलं तर उठून बसायचं! 'मग तेव्हा होमलोनचे हप्ते कोण भरणार?' एकाने टाकला. सगळे हसले, मीही हसले. रात्री घरी येऊन लंडनची एक केस वाचली आणि हसू गेलं ना राव.

साल 2016. चौदा वर्षांची मुलगी, कॅन्सर. उपाय संपले होते. तिने स्वतः माहिती काढली आणि ठरवलं, मला गोठवा. आईची साथ होती, वेगळे राहणारे वडील सुरुवातीला तयार नव्हते. मृत्युपत्र करण्याएवढं तिचं वय नव्हतं, म्हणून प्रकरण हायकोर्टात गेलं. न्यायमूर्ती पीटर जॅक्सन तिला हॉस्पिटलमध्ये भेटून आले. मुलीच्या मागे काय करायचं ते आई ठरवेल, असा निकाल त्यांनी दिला. क्रायोनिक्स बरोबर की चूक, यावर कोर्टाने मत दिलंच नाही. ऑक्टोबरमध्ये ती गेली. सुमारे 37 हजार पौंडांच्या खर्चाने तिला अमेरिकेत मिशिगनला नेलं.

खरी गोष्ट पुढे आहे. हॉस्पिटलने मनात शंका असूनही सहकार्य केलं होतं. पण त्या दिवशी आलेल्या स्वयंसेवकांकडे पुरेशी साधनं नव्हती, सगळा गोंधळ होता. आणि आई? लेकीच्या शेवटच्या दिवशी ती याच धावपळीत अडकली होती. हॉस्पिटलने हे कोर्टाला कळवलं. मला तर इथेच गलबलून आलं.

मुळात यात मिनिटांचा हिशोब असतो. डॉक्टरांनी मृत्यू जाहीर केल्याशिवाय हात लावता येत नाही. जाहीर झाला की लगेच बर्फ, छातीवर दाब देऊन रक्त फिरतं ठेवणं, रक्त गोठू नये म्हणून औषधं. मग रक्ताच्या जागी पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक होऊ न देणारं द्रावण, आणि शेवटी उणे 196 डिग्रीचा द्रव नायट्रोजन. डॉक्टरांशी आधी बोलणं नसेल तर पहिल्याच पायरीला बोंब!

डॉक्टर मंडळी लांब राहतात, तेही उगाच नाही. 1967 मध्ये जेम्स बेडफोर्ड हे पहिले गोठवले गेले. ते अजून टाकीतच आहेत आणि आजवर कुणीही परत आलेलं नाही. 1982 मध्ये तर अतिशीत तापमानाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या संघटनेने, मृतांना गोठवण्याचा पुरस्कार करणाऱ्या सदस्यांना बाहेर काढता येईल असा नियमच केला. 2023 मध्ये अमेरिकेत 100 दिवसांपर्यंत गोठवलेली उंदराची किडनी पुन्हा बसवून चालू झाली. सही आहे! पण उंदराची किडनी म्हणजे माणसाचा मेंदू नव्हे.

मग सहकार्य कसलं? डॉक्टरांनी विश्वास ठेवावा असं कुणी म्हणत नाहीये. पेशंटची इच्छा फाइलला आधीच लागलेली असावी. टीमकडे प्रशिक्षित माणसं आणि साधनं आहेत ना, हे वेळेत तपासलेलं असावं. आणि उपचार करणारे वेगळे, गोठवणारे वेगळे. मृत्यूची घाई कुणीच करायची नाही. समर्थकांनीही 'नक्की जागे व्हाल' असली गाजरं दाखवणं बंद करावं.

आपल्याकडे अवयवदानात हेच तर चालतं. ब्रेन डेथ ठरवणाऱ्या डॉक्टरांमध्ये ट्रान्सप्लांट टीममधलं कुणी नसतं, आणि चाचण्या सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात. म्हणून तर त्या दुःखातही घरचे हो म्हणू शकतात.

मी स्वतः गोठणार नाहीये, एसीतच हुडहुडी भरते. पण त्या रात्री आईला फोन लावला आणि माझे डोळे दान करायचे आहेत, हे सांगून टाकलं. 'अभद्र बोलू नकोस!' म्हणाली आणि फोन ठेवला. दहा मिनिटांनी तिचाच फोन. 'माझेही लिहून ठेव गं.'