नडगी दुखते तेव्हा

मॅरेथॉनसाठी नाव नोंदवलं आणि उत्साहाच्या भरात रोजचे 3 किलोमीटर एकदम 8 वर नेले. पंधरवड्यात नडगीची आतली कड ठणकू लागली, तरी पळतच राहिलो.

शेवटी फिजिओथेरपिस्टनी नडगी दाबून पाहिली. दुखणं चार बोटं पसरलेलं असेल, तर बहुधा ‘शिन स्प्लिंट’. एकाच जागी बोट ठेवताच कळ येत असेल किंवा रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. मग डॉक्टरांकडेच जायचं.

माझं पहिलं निघालं. काही आठवडे पळणं बंद, कापडात गुंडाळलेला बर्फ 15 मिनिटं, पळण्याऐवजी सायकल, पोटरीचे व्यायाम. दुखायचं थांबलं की अंतर थोडं थोडं वाढवायचं. गोळी घेऊन पळायचं नाही.

यंदाची शर्यत हुकली. पाय मात्र वाचला.