पेडण्याचा बोगदा कोकण रेल्वेला वारंवार का अडवतो? समजून घ्या

मुंबईहून मडगावला जाणारी कोकणकन्या किंवा मांडवी एक्स्प्रेस मडुरे स्थानक सोडून गोव्याच्या हद्दीत शिरते आणि सुमारे दीड किलोमीटरच्या एका बोगद्यातून जाते. काही मिनिटांत मागे पडणारा हा पेडण्याचा बोगदा कोकण रेल्वेला बांधकामापासून आजपर्यंत पुरून उरला आहे. तो अडला की बातमी होते, ‘मुसळधार पावसाचा फटका’. पण दोष एकट्या पावसाचा आहे का?

डोंगर आहे, पण दगड नाही

कोकण रेल्वेचा सर्वांत लांब बोगदा रत्नागिरीजवळ करबुडे इथे आहे, साडेसहा किलोमीटरचा. तिथे कठीण खडक आहे. सुरुंग लावून खडक फोडला की उरलेला खडक स्वतःचा भार स्वतः पेलतो. पेडण्यात आहे पाणी मुरलेली चिकण माती. ती खणली की पोकळी टिकत नाही, वरची माती खाली बसते. खडकासाठी स्वीडनहून आणलेली यंत्रं इथे उपयोगाची नव्हती. थोडं खणायचं, लगेच आधार द्यायचा, मग पुढे सरकायचं. हे काम माणसांनी हातांनी केलं.

शेवटचा अडथळा

कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली उभं राहिलं. मार्गावरचे नऊ बोगदे अशा मऊ मातीतले होते. या बोगद्यांनी चार वर्षं खाल्ली आणि १९ जणांचे जीव घेतले. पेडण्यात खणलेला भाग पुन्हा पुन्हा ढासळला, पाणी भरलं. त्यामुळे सावंतवाडी ते पेडणे हा टप्पा रखडला आणि संपूर्ण मार्गावर गाड्या धावायला २६ जानेवारी १९९८ उजाडला.

उद्घाटन झालं, प्रश्न राहिला

६ ऑगस्ट २०२० रोजी पहाटे बोगद्याच्या भिंतीचा सुमारे पाच मीटरचा भाग कोसळला. गाड्या मडगाव, लोंढा, मिरज, पुणे अशा वळवाव्या लागल्या. ९ जुलै २०२४ ला बोगद्यात पाणी आणि चिखल रुळांवर आला. दुरुस्ती करून रात्री मार्ग सुरू केला, तर १० जुलैच्या पहाटे पुन्हा पाणी आलं. त्या रात्री वाहतूक पूर्ववत होईपर्यंत हजारो प्रवाशांचे हाल झाले.

यामागचं कारण साधं आहे. काँक्रीटच्या अस्तरामागे माती तीच आहे. पावसाळ्यात तिच्यातलं पाणी वाढतं आणि अस्तरावर दाब येतो. पाण्याला ठरवून दिलेली वाट नसेल किंवा ती गाळाने बुजली असेल, तर ते भिंतीतून नाहीतर जमिनीतून स्वतःची वाट काढतं.

मग करायचं काय?

पाऊस कोकणात दरवर्षी पडणारच. त्यामुळे ‘अतिवृष्टी झाली’ हे स्पष्टीकरण पुरेसं नाही. अस्तरामागच्या पाण्याचा दाब वर्षभर मोजणं, निचऱ्याच्या वाटा मे महिन्याआधी मोकळ्या करणं, बोगद्याच्या माथ्यावर पाणी मुरू न देणं आणि पोकळ्यांत सिमेंट भरणं, हे उपाय माहीत असलेलेच आहेत. त्यांना लागतो तो सातत्याने येणारा पैसा. दुरुस्तीचा खर्च संकटानंतर होतो, देखभालीचा आधी करावा लागतो.

दुसरा मुद्दा पर्यायाचा. रोहा ते वीर हा टप्पा सोडला तर हा मार्ग बहुतांशी एकेरी आहे. एक बोगदा बंद म्हणजे अख्खी किनारपट्टी बंद. कोकण रेल्वेचं भारतीय रेल्वेत विलीनीकरण करायला महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये संमती दिली. मोठा निधी मिळेल, हा त्यामागचा मुख्य युक्तिवाद आहे. तो खरा ठरणार असेल, तर त्याची पहिली परीक्षा नव्या स्थानकांच्या रंगरंगोटीत नव्हे, पेडण्यासारख्या बोगद्यांत व्हायला हवी.

ज्या मातीने १९ जणांचा बळी घेतला, ती काँक्रीटमागे गेली म्हणून बदलली नाही. गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्याला आरक्षित तिकिटासोबत एवढी खात्री मागण्याचा हक्क आहे की, त्या मातीवर बाराही महिने कुणाचं तरी लक्ष आहे.